देवपूरचं भाषा-वाचन केंद्र : शिरपूरहून नातवाला नेणाऱ्या आजोबाचं मत

ज्या पोराचं बोलणं तोकडं पडतं, वाचन अडलेलं आहे आणि वरून शाळेतून ‘वर्गात बसत नाही, मारामारी करतो’ अशी तक्रार येते, त्याच्यासाठी धुळ्याच्या देवपूर भागातलं हे केंद्र आहे. नुसतं अक्षर खराब आहे किंवा पाढे येत नाहीत म्हणून इथं जाऊ नका, त्याला गल्लीतली शिकवणी पुरते. मी शिरपूर आगारातून निवृत्त झालेला कंडक्टर. नातू आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. गेल्या दिवाळीनंतर आम्ही इथं यायला लागलो, आता पुढची दिवाळी आली. एवढ्या काळात जे पाहिलं ते लिहितो, कारण आमच्या तालुक्यात अशी पोरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आयांना कुठं जावं हे सांगणारं कोणी भेटत नाही.

इथं यायच्या आधी आम्ही तीन दारं पाहिली. शिकवणीत रोज दोन पानं शुद्धलेखन दिलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, बोलण्याची अडचण आहे, आधी बोलणं सुधारू द्या, वाचनाचं पुढं बघू. तिसऱ्या ठिकाणी ऐकवलं की पोरगं लाडावलंय, घरात धाक नाही. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. पण शाळेत बसणारं पोरगं एकच होतं, आणि त्याचं बोलणं, वाचणं, वागणं एकमेकांत गुंतलेलं होतं. या केंद्राचं मला मोल वाटतं ते एवढ्यासाठी की इथं तिन्हींची वही एकच आहे आणि ती एकाच बाईंच्या हातात आहे.

जागा साधी आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, जिना अरुंद, गुडघेदुखीवाल्यांनी कठड्याला धरून चढावं. शिरपूरकडून येणाऱ्यांची एक सोय म्हणजे पांझरा नदी ओलांडून गावात जावं लागत नाही, अलीकडेच उतरायचं. बारा वर्षांखालच्या मुलाला एसटीत अर्धं तिकीट आहे, बायांनाही २०२३ पासून अर्धं, म्हणून माय-लेकरांचं येणं-जाणं परवडतं. मुख्य बाई जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या, विशेष शिक्षणाचा अभ्यास केलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. त्यांच्या हाताखाली एक तरुण ताई. वाचा-उपचाराच्या मॅडम नाशिकहून फक्त शनिवारी येतात.

पहिल्या भेटीत बाईंनी नातवापुढे पुस्तक ठेवलंच नाही. कान आणि डोळे तपासून आणा, मग बसू, एवढंच म्हणाल्या. सूनबाईला जरा राग आला, एवढ्या लांबून येऊन तसंच परत जायचं म्हणून. पण कारण पटण्यासारखं होतं. सर्दी वारंवार होणाऱ्या पोरांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं. मग त्यांना कधी नीट ऐकू येतं, कधी नाही, आणि घरच्यांना वाटतं मुद्दाम ऐकत नाही. तसं असेल तर आधी डॉक्टर, वाचन मागाहून. आम्ही सरकारी रुग्णालयात कान तपासून घेतले, डोळेही दाखवले. दोन्ही ठीक निघाले. ज्या ठिकाणी हे न विचारता पहिल्याच दिवशी पैसे भरून घेतात, तिथं मी आता कुणाला जायला सांगणार नाही.

मग तपासणी झाली आणि मला शेजारी बसू दिलं. चार चित्रं उलटसुलट ठेवून क्रमाने लावायला सांगितली आणि त्यावर गोष्ट सांगायला. बाईंनी एक लहान गोष्ट सांगून ती परत सांगायला लावली. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, असं विचारलं. अर्थ नसलेले शब्द म्हणायला आणि वाचायला दिले, ‘टमोकी’, ‘रिबुसा’ असले. ओळखीचा शब्द पोरगं पाठ करून ठेवू शकतं, हे नाही ठेवू शकत. मग सुटी अक्षरं, काना-मात्रा लागलेली अक्षरं, शब्द, शेवटी परिच्छेद. तोच परिच्छेद नंतर बाईंनी स्वतः वाचून दाखवला आणि त्यावर प्रश्न विचारले. हे शेवटचं कशासाठी, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते मला कायम लक्षात राहील: अक्षरं सोडवता येणं एक आणि ऐकलेलं समजणं दुसरं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही चांगली असून उपयोग नाही. म्हणून कोणती बाजू किती कच्ची, हे वेगवेगळं पाहावं लागतं. नातवाच्या दोन्ही बाजू कच्च्या निघाल्या, अक्षरांची जास्त.

आणि हे सगळं आधी अहिराणीत, मग पुस्तकातल्या मराठीत केलं. याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

आमच्या घरात अहिराणी. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, पाणी म्हणजे पानी. पोरगं बोलतं तसंच लिहितं. शिकवणीच्या वहीत अशा प्रत्येक शब्दावर लाल फुली होती, आणि त्या फुल्या दाखवून आम्हाला सांगितलं होतं की याच्या डोक्यात अक्षरच शिरत नाही. बाईंनी तीच वही मागून घेतली आणि चुकांचे दोन भाग केले. ‘डोया’, ‘पानी’, ‘कोन’ एका बाजूला, ही घरची बोली, यात बिघडलेलं काही नाही. ‘मदत’चं ‘मतद’, ‘किती’चं ‘कती’, ‘घर’चं ‘धर’ दुसऱ्या बाजूला, हे बोलीमुळे होत नाही. दुसरी बाजूही मोठीच होती, बाईंनी ती लपवली नाही. पण पहिली बाजू वेगळी काढल्यावर सूनबाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. आपण घरात जे बोलतो त्यामुळे पोराचं नुकसान झालं, असं ती दोन वर्षं मनात धरून बसली होती.

उलट चूकही होऊ शकते, आणि बाई तीही करत नाहीत. ‘घरी अहिराणी आहे ना, मग येईल हळूहळू’ असं म्हणून पोराला सोडून देणारे पुष्कळ. अडचण फक्त शाळेच्या मराठीची असती तर अहिराणीत नातू भरभर बोलला असता. तसं झालं नाही. ‘मी घर जाई राहिनू’ एवढं सरळ वाक्य येतं. पण पाऊस आला म्हणून शाळा सुटली, अशा दोन गोष्टी जोडायच्या झाल्या की अहिराणीतही वाक्य तुटतं. गोष्ट सांगताना शेवट आधी येतो, कोण कुणाला म्हणालं ते राहून जातं. घरच्या भाषेतही अडतंय, तेव्हाच ती भाषेच्या विकासाची अडचण समजायची, हा बाईंचा नियम. इंग्लंडमध्ये शाळेत नुकत्याच गेलेल्या मुलांची मोठी पाहणी झाली, तीत शंभरातल्या सुमारे सात मुलांना अशी अडचण दिसली, दुसरा कुठला आजार नसताना. म्हणजे वर्गात दोन-तीन पोरं. वर्गात बसून ती दिसत नाहीत, कारण ती गप्प राहतात किंवा गोंधळ घालतात.

तपासणीत वाचनाची अडचण ओळखणारं ‘डाली’ नावाचं साधनही वापरलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ते तयार केलं, २०१५ मध्ये बाहेर आलं, आणि हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर ते मराठीतही आहे. पहिली-दुसरीसाठी वेगळं, तिसरी ते पाचवीसाठी वेगळं. मराठी शाळेतल्या पोराची तपासणी इंग्रजी शब्द वाचायला देऊन करणारे लोक मी स्वतः पाहिलेत, म्हणून आवर्जून लिहिलं.

आता वागण्याचं. बाईंनी आम्हाला एक वही दिली, तीन रकान्यांची. आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. तशीच पानं शाळेतल्या गुरुजींनाही दिली, पंधरा दिवस भरायला. गुरुजींनी ती मनापासून भरली, त्यांचे उपकार आहेत. पाटी आपटणं, शेजारच्याला बोचकारणं, पाणी प्यायला म्हणून जाऊन परत न येणं, हे जवळजवळ सगळं मराठीच्या तासाचं निघालं. त्यातही श्रुतलेखनाच्या वेळी, नाहीतर एकेकाने उभं राहून वाचायचं असतं तेव्हा त्याची पाळी यायच्या जरा आधी. परिपाठाला रांगेत ठीक, खेळात ठीक, चित्रकलेला तर हलायचा नाही. तिसऱ्या रकान्यात गुरुजींनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: वर्गाबाहेर उभं केलं.

बाईंनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “आबा, बाहेर उभं केलं म्हणजे त्याला वाचनातून सुटका मिळाली. त्याला तेच हवं होतं. उद्या पाटी आणखी जोरात आपटेल.”

मी तीस वर्षं माणसं पाहण्यात घालवली आहेत, पण हे मला त्या दिवशी नव्याने दिसलं. पोरगं वाईट नाही, त्याने एक रस्ता शोधून काढलाय. सर्वांसमोर ‘याला वाचता येत नाही’ असं दिसण्यापेक्षा ‘हा द्वाड आहे’ असं दिसणं त्याला कमी लागतं. धाक वाढवला असता तर आपटणं वाढलं असतं, नाहीतर पोराने शाळाच सोडली असती.

घरच्या पानांतूनही एक गोष्ट वर आली. संध्याकाळी त्याला सांगितलं जायचं, दप्तर आण, मराठीची वही काढ, पेन्सिलीला टोक कर आणि इथं येऊन बस. तो दप्तर आणायचा आणि उभा राहायचा, किंवा ते तिथंच टाकून बाहेर पळायचा. मग आरडाओरडा. चार कामं एका दमात सांगितली की पहिलं तेवढं त्याच्या हाती लागतं, बाकीची विरून जातात. बाई म्हणाल्या, एकावेळी एकच सांगा, ते झालं की दुसरं, आणि सांगितल्यावर मनात दहा अंक मोजा, तोवर पुन्हा बोलू नका. सूनबाईने त्याच आठवड्यात सुरू केलं. संध्याकाळचा आवाज आमच्या घरातून बराच कमी झाला, शेजारीणही विचारायला लागली.

चंचलपणाबद्दल एक खुलासा करतो, कारण येणारे आई-बाप पहिल्याच भेटीत तेच विचारतात. वाचनाची अडचण आणि अतिचंचलता एकाच मुलात असणं काही दुर्मीळ नाही. पण केंद्र स्वतः तसा शिक्का मारत नाही आणि औषधाबद्दल बोलत नाही. ज्या पोराची अस्वस्थता सगळीकडे आहे, जेवताना, खेळताना, लग्नकार्यात, त्याला बालमानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवतात. आमच्या वेळेच्या गटातल्या एका मुलीला पाठवलंही. नातवाचा त्रास एका तासापुरता होता, म्हणून त्याला नाही.

शिकवण्याची पद्धत मला पूर्ण कळली असं नाही म्हणणार, पण दारातून जे दिसतं ते सांगतो. तासाच्या सुरुवातीला भिंतीवर तीन चित्रं लागतात: बोलणं, वाचणं, खेळ. आज काय होणार आणि कधी संपणार हे पोराला आधीच दिसतं. मग चित्र समोर येतं आणि त्यावर बोलायचं. चित्रं आपल्याकडची आहेत: आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, कापसाची वेचणी, केळीचे घड भरलेला ट्रक, बैलांना पाण्यावर नेणारा माणूस. नातू जे बोलेल ते बाई जसंच्या तसं, अहिराणीतच, मोठ्या अक्षरात उतरवून घेतात आणि त्यालाच वाचायला देतात. स्वतःचं वाक्य असल्यामुळे पुढचा शब्द काय हे त्याला माहीत असतं, तो धीराने वाचतो. मग शेजारी दुसरा रकाना, पुस्तकातला. ‘मन्हा डोया’ इकडे, ‘माझा डोळा’ तिकडे. घरचं चूक आणि पुस्तकाचं बरोबर असं नाही, कुठं कोणतं लिहायचं एवढंच. शाळेत पुस्तकातलं लागतं, हे पोराला आपोआप कळतं.

अक्षरांचं काम आवाजापासून सुरू होतं. टेबलावर गुंड्या ठेवलेल्या असतात, शब्द म्हणायचा आणि प्रत्येक आवाजाला एक गुंडी पुढं सरकवायची. ते जमल्यावर गुंडीच्या जागी अक्षराचं कार्ड. काना आधी पक्का करतात, मग बाकीचे. पहिली वेलांटी खूप दिवस चालली. ‘कि’मध्ये वेलांटी कागदावर आधी येते आणि कानाला ती नंतर ऐकू येते. आपल्याला वयाने सवय झालेली, म्हणून ही अडचण दिसत नाही, पण ज्या पोराला आवाजांचा क्रमच पकडता येत नाही त्याला ती भिंत आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकाच दिवशी शिकवत नाहीत, एक पक्कं झाल्यावर बऱ्याच काळाने दुसरं. जोडाक्षरं तोंडाने तोडून, ‘शब्’ आणि ‘द’. ‘र’ अजून चालू आहे, आणि चालूच राहील असं दिसतं: ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘प्राणी’मध्ये पायाशी, ‘ट्रक’मध्ये आणखी निराळा. मराठी लिपी जशी लिहिली तशी वाचायची म्हणून सोपी, असं आपण सगळे म्हणतो. पण काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून शेकडो आकार होतात, आणि साध्या मुलालाही ते सगळे सराईत व्हायला चौथी उजाडते. अडखळणाऱ्याला आणखी वेळ लागणार, हे धरून चालायला हवं.

याच तासात वागण्याचंही काम होतं, त्यासाठी वेगळा तास नाही. टेबलावर एक पिवळं कार्ड असतं. फार जड झालं की पाटी आपटायची नाही, कार्ड उलटं करायचं. कार्ड उलटलं की दोन मिनिटं उभं राहून खिडकीशी जायचं आणि परत येऊन तेच काम, पण थोडं लहान करून, पुरं करायचं. म्हणजे थांबायला मिळतं, सुटका मिळत नाही. सुरुवातीला नातू फार वेळा उलटायचा आणि बाई प्रत्येक वेळी मान्य करायच्या. मला वाटायचं लबाडी करतोय. हळूहळू ते आपोआप कमी झालं. कौतुकही मोघम नसतं. ‘शाब्बास’ क्वचित ऐकलं, ‘आज तू अडलास तेव्हा कार्ड उलटं केलंस’ असं नेमकं सांगतात. चॉकलेटचं आमिष दाखवत नाहीत. बक्षीस म्हणजे उद्याची चित्रं भिंतीवर लावायचा मान.

घरी करायला दिलं ते सगळ्यांत हलकं आणि माझ्या वाट्याला आलं. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, पुस्तक नाही, फक्त गोष्ट. मला गोष्टी फारशा येत नाहीत असं म्हणालो तर बाई म्हणाल्या, “एसटीतल्या सांगा.” मग मी मुक्कामी गाडीच्या सांगायला लागलो. शिरपूरहून निघालेली गाडी कोणत्या गावात कुठल्या पारापाशी थांबायची, कोण चढायचं, कोंबड्या घेऊन कोण यायचं, पुरात पुलाअलीकडे रात्र कशी काढली. दुसऱ्या रात्री तीच गोष्ट त्याने सांगायची. आधी काय, मग काय, का थांबलो, कुणी काय म्हटलं. गावांचा क्रम त्याला आधार देतो, म्हणून गोष्टीचा क्रमही टिकतो. हल्ली तो मध्येच अडवतो: “आबा, आधी नरडाणा ना?” त्याला वाचायला येवो न येवो, त्याला वाचून दाखवणं बंद करू नका, असंही बाईंनी बजावलंय. वाचता येत नाही म्हणून पुस्तकातले शब्द कानावर पडणं थांबलं तर समजण्याची बाजूही मागे पडते.

शाळेशी जोडून घेणं हे केंद्राचं दुसरं मोठं काम. गुरुजींना बाईंनी स्वतः चिठ्ठी लिहिली, साधी, अर्ध्या पानाची. पहिल्या बाकावर बसवा. वाचायची पाळी देणार असाल तर उतारा आदल्या दिवशी घरी पाठवा. इतिहास-परिसराची उत्तरं तोंडी घ्या. पिवळं कार्ड वर्गातही चालू द्या, बाहेर उभं करू नका. चाळीस पोरांच्या वर्गात गुरुजी हे करतात, ते सोपं नाही. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा, ते शाळेत येऊन पाहतात आणि पैसे लागत नाहीत, हेही आम्हाला इथंच कळलं. पैसे घेणारं केंद्र फुकटचा रस्ता आधी दाखवतं, याचं मला अप्रूप वाटतं.

फरक काय पडला? आज नातू जोडाक्षरं नसलेला चार-पाच ओळींचा उतारा वाचतो, बोट ठेवून, सावकाश, आणि काय वाचलं ते सांगतो. रफार आला की थांबतो. लिहिणं वाचनाच्या बरंच मागे आहे. वर्गातल्या बाकी पोरांच्या बरोबरीला तो आलेला नाही आणि यंदा येणारही नाही. पण मराठीच्या तासाला तो वर्गात असतो. आधी “माले नई वाचनं” म्हणून दप्तर भिरकावायचा, आता “हे मोठं शे, अर्धं वाचू का?” असं विचारतो. माझ्या मते हा बदल वाचनाइतकाच मोठा आहे, कारण त्याला आता शब्द सापडतात, हात उचलावा लागत नाही.

आता कमी पडतं ते. अहवाल इंग्रजीत देतात. मराठी पोराची मराठीत इतकी नीट तपासणी करायची आणि आई-बापाच्या हातात इंग्रजी कागद द्यायचा, हे मला मुळीच पटलेलं नाही. बाई तोंडी समजावतात, पण घरी गेल्यावर पोराच्या बापाला काय दाखवायचं? दोनदा सांगून झालं, डॉक्टरांना इंग्रजी लागतं असं उत्तर मिळालं. दोन कागद द्या, एवढंच म्हणणं आहे.

शनिवारच्या मॅडम हुशार आहेत, पण त्यांना अहिराणी येत नाही आणि घाईमुळे त्या आमची तीन रकान्यांची वही बघत नाहीत. त्यामुळे बुधवारी बाईंनी जिथं सोडलं तिथून शनिवारी धागा पुढं जात नाही. ज्या गोष्टीसाठी हे केंद्र चांगलं, तीच शनिवारी सुटते. आठवड्यात एकदा दोघींनी दहा मिनिटं एकत्र बसावं, आम्ही पालक तेवढा वेळ बाहेर थांबायला तयार आहोत.

सातपुड्याच्या बाजूची, पावरा आदिवासी घरांतली पोरंही इथं येतात. त्यांची भाषा इथं कुणालाच येत नाही. एका मुलीची तपासणी तिच्या मोठ्या बहिणीला मध्ये बसवून झाली. बाईंनी तिच्या आई-बापाला स्पष्ट सांगितलं की घरच्या भाषेत नीट तपासता येत नाही तोवर मी अडचण आहे असं लिहून देणार नाही, आधी काही महिने शिकवून बघू. हे प्रामाणिकपणाचं झालं, पण उत्तर नव्हे. शिरपूर तालुक्यातून मुलं घ्यायची तर पावरी बोलणारी एखादी शिकलेली मुलगी इथं कामाला हवीच.

उन्हाळ्यात वरची खोली तापते. मे महिन्यात दुपारची वेळ दिली तर सरळ नाही म्हणा, सकाळची मागा. गणिताचं इथं काही होत नाही.

फी आमच्याकडून महिन्याला १६०० रुपये घेतात, आठवड्यात दोन बैठका. तपासणीचे वेगळे. पालकांशी बोलायचे पैसे घेत नाहीत. एका बैठकीला फक्त तीन मुलं, त्या मानाने मला हे वाजवी वाटतं, पण मजुरीवर जगणाऱ्या घराला जड आहे. सवलत मिळते, मात्र ती विचारल्यावरच. तेव्हा संकोच न करता विचारा.

प्रमाणपत्राच्या आशेने कोणी जाऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनातली अशी अडचण, आहे, पण ते प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळ देतं, केंद्र नाही. आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ते मिळत नाही आणि पुढं चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. पोरगं सहा-सात वर्षांचं असेल आणि अडखळत असेल तर प्रमाणपत्राचं वय होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही, मदत कागदाशिवायही सुरू होते. इथली निम्मी मुलं आठच्या आतली आहेत.

जाताना शाळेच्या जुन्या वह्या न्या, फाटक्या असल्या तरी, आणि त्यात खाडाखोड करून स्वच्छ करू नका. कानाच्या तपासणीचा कागद असेल तर तो. शक्य झालं तर पोराबरोबर दिवसाचा जास्त वेळ जो असतो त्यानेच जावं, मग ती आजी का असेना, कारण बाई अर्धे प्रश्न घरच्या माणसालाच विचारतात. नवीन मुलांची नावं जूनमध्ये आणि दिवाळीनंतर घेतात, मधल्या काळात यादीत नाव लागतं. दुपारी एक ते तीन केंद्र बंद असतं आणि सोमवारी सुट्टी.